पोटाला घातलेल्या चुण्या

दिवाळीच्या आठवडाभर आधी एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या. मी टेप त्यांच्या छातीभोवती फिरवत होते तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तुम्ही ते दुर्बिणीवालं ऑपरेशन केलंत ना, वजनाचं? मलाही डॉक्टरांनी सांगितलंय. खूप त्रास होतो का हो?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढल्या आणि अगदी साधा चेहरा करून म्हणाले, "छे हो, वजनाचं कुठलं ऑपरेशन? संध्याकाळचं जेवण बंद केलं, बस."

त्या "हो का" म्हणून गेल्या. मी त्यांचं माप वहीत लिहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका प्रश्न विचारला होता आणि मी तिला वाटेला लावलं. म्हणून हे लिहिते आहे. टाके कसे घालतात, काय खायचं, काय नाही, हे डॉक्टर सांगतात आणि छापील कागदही देतात. या सगळ्यात माणूस किती एकटं पडतं, ते त्या कागदावर नसतं.

काटा

मी कोपरला राहते, डोंबिवली पश्चिमेला. वय त्रेचाळीस. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सासर आगरी, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. माहेर ठाण्यात खोपटला, वडील एसटीत होते. लग्न आम्ही दोघांनी जमवलेलं. सासूबाईंनी त्यावर काही कटकट केली नाही. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून एवढंच म्हणाल्या, "बारकी हाय पोर. हिला भरवाला लागल."

आणि त्यांनी शब्द पाळला. लहानपणी त्या मिठागरात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या, अर्ध्या पोटी. त्यामुळे समोरच्याच्या ताटात जागा दिसली की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. नको म्हटलं तर त्यांना ते ऐकूच येत नाही.

बावीस वर्षांनी काटा एकशे चारवर गेला. गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, लिव्हरभोवती चरबी निघाली. माजिवड्याच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं. तोंडातून दुर्बीण आत घालायची, पोटाला आतल्या आत टाके घालायचे, बाहेरून कापाकापी नाही. पोट अरुंद होतं, थोडक्यात भरतं.

"म्हणजे चुण्या घालणार," मी म्हणाले.

ते हसले. "हो, तसंच."

"मग उसवत नाहीत का?"

"सैल पडू शकतात. टाके आम्ही घालू, पण सवयी तुम्हालाच बदलाव्या लागतील."

माणूस सरळ वाटला. मी तिथेच हो म्हटलं.

परतताना माणकोलीच्या पुलावर गाडीत निलेशने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, "आईला काय सांगायचं?" वजनासाठी पोट शिवून घेतलं म्हटलं की सासूबाईंना वाटणार, माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवली. आणि बाकीचे म्हणणार, आयती बारीक झाली. निलेशच म्हणाला, "अल्सर सांगू. पोटात जखम झालीय, दुर्बिणीने टाके घालणार. अर्धं खरंच आहे ना." पूल संपायच्या आत आमचं ठरलंसुद्धा. खोपटला बाबा एकटे असतात, उगाच जिवाला घोर नको म्हणून त्यांनाही अल्सरच सांगितला.

फॉर्म

ऑपरेशनच्या आधी समुपदेशक मॅडमना भेटावं लागतं. त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता: एकट्याने, कुणाला कळू न देता खाता का?

मी 'नाही' वर खूण केली.

आता खरं सांगते. रोज चार वाजता मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायची. आत मशीनमागच्या स्टुलावर बसून खायची. फरसाण, बालुशाही, क्रीमची बिस्किटं, जे असेल ते, पुडा संपेपर्यंत. भूक म्हणून नाही. सकाळपासून बायकांच्या काखेत, पाठीवर, दंडावर टेप फिरवायची, त्यांच्या सुनांच्या आणि जावांच्या गोष्टी ऐकायच्या, वर जाऊन पुन्हा घरातल्यांचं ऐकायचं. त्या वीस मिनिटांत मला कुणी काही मागत नव्हतं. रिकामे पुडे मी चिंध्यांच्या पिशवीत खाली दाबून ठेवायची. निलेशलाही हे माहीत नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्या बायका पोट आत ओढून माप देतात आणि मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडतात. मी त्यांना नेहमी सांगते, बाई, श्वास सोडा आणि उभ्या राहा. आणि त्या फॉर्मसमोर मी स्वतः पोट आत ओढून बसले होते. मॅडमनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नंतर कधीही बोलावंसं वाटलं तर फाइलवर नंबर आहे." मला ते नेहमीचं औपचारिक बोलणं वाटलं, म्हणून मान डोलावली.

औषधाचं टोपण

आषाढ संपता संपता ऑपरेशन झालं. त्यातलं मला काहीच आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोटात कळा येत होत्या, मळमळत होतं, घसा सोललेला. पोटावरून हात फिरवला. साधा ओरखडाही नव्हता. सासऱ्यांच्या बायपासनंतर लोक त्यांच्या छातीवरचा व्रण बघून हळहळायचे, ते तेव्हा आठवलं. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

सासूबाई हॉस्पिटलला यायचंच म्हणून हटून बसल्या होत्या. डॉक्टर त्यांच्यासमोर खरं बोलून जातील या भीतीने आम्ही त्यांना येऊ दिलं नाही. तिथे जंतुसंसर्गाची भीती असते, गर्दी करू देत नाहीत, काहीबाही सांगितलं. निलेशचा रेती पुरवायचा धंदा, त्याला गाड्या बघायला जावं लागलं. आणि मुलगी बारावीत, तिला क्लासमधून काढायचं नाही असं मीच बजावलेलं. मग दुसरा अख्खा दिवस मी एकटी होते. शेजारच्या खाटेवर पित्ताशयाची एक म्हातारी होती, तिच्याभोवती सहा माणसं आणि चार डबे. डब्यातल्या खिचडीचा वास आला आणि मला रडू फुटलं. खिचडीसाठी नाही. माझ्या खाटेजवळची खुर्ची रिकामी होती आणि ती मीच रिकामी ठेवली होती.

एक कल्याणची नर्स होती, विशीतली. औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं टोपण घेऊन यायची आणि त्यातून घोट घोट पाणी द्यायची. "काकी, घाई नको. एक घोट, मग घड्याळ बघा." एकदा तिची ड्युटी संपली होती तरी दहा मिनिटं त्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि तिच्या साखरपुड्याच्या ब्लाउजची बाही कशी फसली ते सांगत राहिली. मी कण्हत कण्हत तिला बाही दुरुस्त कशी करायची ते सांगितलं. त्या दोन दिवसांतली ती दहा मिनिटं मला सगळ्यात लख्ख आठवतात.

अल्सरची सरबराई

घरी आल्यावर सासूबाईंनी अल्सरची जी सेवा केली तिला तोड नाही. पेज, ताक, मुगाचं पाणी, दर दोन तासांनी पितळी पेला भरून. मी चार चमचे घ्यायची आणि पेला ठेवून द्यायची. त्या पेल्यात वाकून बघायच्या.

"येवराच? घे गो बाय, जखम भरल."

"नाही जात, आई."

शेजारपाजारच्या बायका अल्सरवरचे उपाय घेऊन आल्या. कुणी केळफूल, कुणी थंड दूध, कुणी ज्येष्ठमध. मी सगळ्यांना हो हो म्हणायची. माझ्या खऱ्या दुखण्याबद्दल बोलायला निलेश एकटाच होता, आणि तो रोज सकाळी काटा पुढे सरकवायचा. "बघ, अजून एक किलो." त्याला खरंच आनंद व्हायचा. "मला बरं वाटत नाहीये," असं एकदा म्हणाले, तर तो म्हणाला, "अगं, दहा किलो गेले, आता काय पाहिजे तुला?"

चार वाजता

दुकान पुन्हा सुरू केलं. चार वाजले की हात आपोआप शटरकडे जायचा. शटर अर्धं ओढून मी स्टुलावर बसायची आणि मग काय करायचं ते कळायचं नाही. खायची इच्छा मनात होती, पोटात जागा नव्हती. एकदा जिद्दीने अर्धी बालुशाही खाल्ली आणि बेसिनजवळ ओकत उभी राहिले. त्यानंतर नुसतीच बसायची. वर्षानुवर्षं रोज भेटणारं माणूस यायचं बंद व्हावं आणि त्याच्याबद्दल कुणाला विचारायचीही सोय नसावी, तसं वाटायचं.

लोक कौतुक करत होते. "काय बारीक झालीस गं." मी हसायची. माझे जुने ड्रेस आत घ्यायला माझ्याकडे वेळ होता, मन नव्हतं. पंगतीला जायचं टाळायला लागले, वाढदिवसाला नाही, बारशाला नाही. आंघोळीला उठायचा कंटाळा येऊ लागला. मुलगी काही बोलायला आली की खेकसायची. आणि एकदा गिऱ्हाइकाची पैठणी समोर असताना मनात आलं, आपण नसलो तरी या घराचं काही अडणार नाही. हा विचार आला आणि गेला, असं वाटलं. मग तो दुसऱ्या दिवशीही आला.

मावरं

श्रावणात आमच्याकडे कुणीच मासे खात नाही. मग गणपती आले आणि गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घरात मावरं आलं, आमच्याकडे मासळीला मावरंच म्हणतात. सासूबाईंनी ओल्या बोंबलाचं कालवण केलं. महिना-दीड महिन्याचा उपास असल्यासारखे सगळे तुटून पडले. मी अर्धा तुकडा घेतला. सासूबाईंच्या ताटात वरण-भात होता.

बोंबील म्हणजे त्यांचा जीव. "आई, तुम्ही?"

"मना नको."

नंतर मी निलेशला खोदून विचारलं, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "तू हॉस्पिटलला होतीस तेव्हा ती गावदेवीला नवस बोलून आली. सुनेचं पोट बरं होऊन ती माझ्यासमोर भरलं ताट संपवेल तोवर मावरं तोंडाला लावणार नाही."

श्रावणामुळे इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तिला सांग ना," मी म्हणाले.

"काय सांगू? अल्सर नव्हताच म्हणून?"

आमच्याकडचं ताट म्हणजे परातीची धाकटी बहीण. भाताचा ढीग, दोन भाकऱ्या, कालवण, तळलेली तुकडी. तसं ताट मी या जन्मात संपवणार नव्हते. तेवढी जागा मीच शिवून टाकून आले होते. आणि सत्तरीच्या पुढची एक बाई माझ्या नसलेल्या जखमेसाठी रोज वरण-भात खात होती. त्यांच्यासमोर जेवायला बसणं मला नकोसं झालं. मी दुकानात जेवायला लागले.

दोन बाह्या

एक दिवस नवरीचा ब्लाउज कापताना मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. पंचवीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. कापड जादा नव्हतं. मी त्या दोन उजव्या बाह्या टेबलावर ठेवून बघत बसले आणि मला रडूही येईना. त्याचीच मला भीती वाटली. फाइल काढली आणि त्या नंबरवर फोन केला.

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. मी पहिल्यांदा फॉर्मचं खोटं कबूल केलं. चार वाजताचं सांगितलं, चिंध्यांच्या पिशवीचं सांगितलं, तो न जाणारा विचारही सांगितला. त्या दचकल्या नाहीत, लेक्चरही दिलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. असे विचार तुम्हाला येत असतील तर बाह्या चुकायची वाट बघू नका, एवढं सांगते.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मॅडमनी विचारलं, "घरात कोणाकोणाला माहीत आहे?"

"नवऱ्याला."

"मग बाकीचे सगळे त्या अल्सरची विचारपूस करतात. तुमची कोण करतं?"

दिवाळीआधी ती बाई माप द्यायला आली ती याच दिवसांत, आणि तिच्याशी मी कशी वागले ते वर लिहिलंच आहे. खोटं बोलायची सवय लागली की उपचार चालू असतानाही ती सुटत नाही.

दोन इंच

तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे भावकीत हळद होती. सासूबाई दुपारी दुकानात आल्या. "गो वैशाली, माझी चोली सैल झालीय. जरा आत घे." मी सवयीने टेप लावली. त्यांची मापं मला पाठ आहेत. छाती दोन इंच कमी भरली. पुन्हा मोजली. दंडही बारीक झालेला.

"मोजतेस काय परत परत? शिव मारून टाक."

टेप त्यांच्या पाठीवरून खाली घसरली. मी त्यांच्या मागे उभी होते, चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बोलू शकले असेन. "आई, मला अल्सर कधीच नव्हता." आणि मग सगळं सांगितलं. वजन, चुण्या, पूल, चार वाजताचे पुडे, गोळ्यासुद्धा. त्या वळल्या नाहीत. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला.

"म्हंजे तू भरला ताट कवाच जेवनार नाय?"

"नाही, आई."

मला वाटलं आता जेवणाचं निघेल, माझ्या हाताला नावं ठेवलीस म्हणतील. त्या म्हणाल्या, "हास्पिटलात तुझ्याजवल कोन व्हता?"

"कोणी नव्हतं."

"मी घरात बसलेली. रिकामी. आनि तुझ्याजवल कोन नव्हता." त्यांनी पदर ओढून घेतला. "ता मना लय लागला."

चोळी तिथेच टाकून त्या वर गेल्या. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. निलेशशीही नाही. मी जेवायला पुन्हा वर जाऊ लागले, कारण आता लपायला काही उरलं नव्हतं. त्या तीन दिवसांत मी खूप रडले. मॅडम म्हणाल्या, येऊ द्या.

याच दिवसांत दिवाळीआधीची ती बाई लग्नसराईसाठी टाकलेला ब्लाउज न्यायला आली. मी तिला बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. विचारा काय विचारायचंय ते." ती दीड तास बसली.

ताट

चौथ्या दिवशी, रविवारी, दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली. घरभर बोंबलाच्या कालवणाचा वास. जमिनीवर दोन पाट मांडलेले. एका पाटापुढे त्यांचं नेहमीचं ताट, झाकलेलं. दुसऱ्या पाटापुढे एक इवलंसं स्टीलचं ताट, तळहाताएवढं. माझ्या मुलीचं उष्टावण ज्यात झालं होतं ते. माळ्यावरच्या ट्रंकेतून त्यांनी शोधून काढलं होतं. त्यात चमचाभर भात, भाकरीचा तुकडा, बोंबलाची एक तुकडी आणि बोटभर कालवण. ताट काठोकाठ भरलं होतं.

"बस," त्या म्हणाल्या.

निलेश दारात उभा होता. "आई, देवीला हे चालेल का?"

"ताट भरलेला पायजे बोललेली मी. केवरा ता नव्हती बोलली." त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "देवीशी मी बघीन. तू भायेर जा."

मी बसले. मला एक घास खूप वेळ चावावा लागतो, मग थांबावं लागतं. त्या समोर बसून होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांचं कालवण निवत होतं. मी म्हटलं, "आई, तुम्ही सुरू करा ना." त्यांनी मान हलवली. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात वाढायला पुढे आला नाही. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

मला ते ताट संपवायला पस्तीस मिनिटं लागली. शेवटचा काटा बाजूला ठेवला.

"झाला?"

"झालं, आई. पोट भरलं."

त्यांनी माझं ताट उचलून उजेडाकडे धरलं, नीट बघितलं आणि खाली ठेवलं. मग स्वतःच्या ताटावरचं झाकण काढलं, गार कालवणात भाकरी बुडवली आणि म्हणाल्या, "आथा तू बस माझ्यासमोर. मना एकटीला जेवाला बरा नाय वाटत."